दिवाळखोरीचा अर्ज करायचा होता पण वकिलाची फी परवडत नव्हती, मग विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील घेतला, त्याचा रिव्ह्यू (मुंबई)

आधी रेटिंग सांगून टाकते, पाचपैकी चार. जो एक स्टार कापलाय तो वकील मॅडमचा नाही आणि ऑफिसचाही नाही, तो कायद्याचा कापलाय, का ते खाली येईलच. आणि फुकट म्हणजे खरोखर फुकट बरं का, ते "फर्स्ट कन्सल्टेशन फ्री" वालं फुकट नाही.

भांडुपला माझं ब्लाऊज आणि ड्रेस शिवायचं दुकान आहे, भाड्याचा गाळा, दोन जुकीच्या मशिनी आणि एक ओव्हरलॉक, तिन्ही माझ्या, त्यांचे हप्ते कधीच फिटलेत. युनिफॉर्मची एक मोठी ऑर्डर घेतली, कापड उधारीवर उचललं, कॉन्ट्रॅक्टरने माल नेला आणि पैसे आज देतो उद्या देतो करत फोन उचलायचाच बंद केला. मग एकाचं भागवायला दुसरं, दुसऱ्याचं भागवायला तिसरं. पतपेढीचं कर्ज, एका फायनान्स कंपनीचं पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, सोनंतारण आणि वर दोन लोन ॲप. सगळं मिळून साडेनऊ लाखांच्या आसपास, आणि दुकानाचा धंदा एवढा की हप्त्यांच्या निम्मे पण सुटत नव्हते.

मिस्टरांनी यूट्यूबवर बघितलं की दिवाळखोरी जाहीर केली की सगळं माफ होतं. ते सगळे व्हिडिओ अमेरिकेचे निघाले. तिकडे चॅप्टर सेव्हन म्हणून प्रकार आहे, कोर्टाची फी ३३८ डॉलर, आणि ज्याचं उत्पन्न त्यांच्या गरिबीच्या रेषेच्या दीडपटीपेक्षा कमी आहे त्याला ती फी पण माफ करून मागता येते, नाहीतर हप्त्याने भरता येते. ऐकायला छान आहे. पण न्यू जर्सीचं कोर्ट भांडुपच्या पतपेढीला काय सांगणार? तेव्हा कोणी असे व्हिडिओ बघून अर्धवट खूश झालं असेल तर आधी ते डोक्यातून काढा.

मग इकडचा वकील शोधायला लागलो. फोर्टला एका वकिलांकडे गेलो, त्यांनी दहा मिनिटं ऐकलं आणि सत्तर हजार सांगितले, ड्राफ्टिंग, टायपिंग आणि कोर्टाचा बाकी खर्च वेगळा. अहो, सत्तर हजार हातात असते तर मी पतपेढीचे थकलेले हप्ते नसते भरले? दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसलं काम. त्यांचा दोष नाही म्हणा, त्यांचाही धंदा आहे, पण दिवाळं निघालेल्या माणसाकडून ॲडव्हान्स मागायचा म्हणजे गंमतच आहे.

त्यानंतर लोन सेटलमेंटवाली कंपनी. नाव लिहीत नाही, अशा बऱ्याच झाल्यात आता, इन्स्टावर जाहिराती येतात ना "ईएमआय अर्धा करा" वगैरे, त्यातलीच एक. अंधेरीला काचेचं ऑफिस, एसी, टॅब घेतलेला मुलगा, मॅडम मॅडम करून बोलणार. स्कीम अशी की सगळे हप्ते भरणं बंद करायचं, ते पैसे दर महिन्याला ते सांगतील त्या खात्यात टाकायचे, सहा आठ महिने थकलं की बँक स्वतःहून निम्म्यावर येते मग ते सेटलमेंट करून देणार. त्यासाठी रजिस्ट्रेशन फी, दर महिन्याची फी, आणि शेवटी जेवढे पैसे वाचले त्यावर परत टक्केवारी. मी विचारलं, फायनान्स कंपनीला मी पुढच्या तारखांचे चेक दिलेत, ते बाऊन्स झाले तर? तर म्हणे "लीगल टीम बघून घेईल मॅडम". लीगल टीम कुठे बसते विचारलं तर ऑनलाइन असते म्हणाला. वर मुखत्यारपत्रावर सही मागत होता. मी म्हटलं घरी विचारून सांगते, आणि उठले. आमच्याच बिल्डिंगमधल्या एकीने अशाच एका कंपनीला पैसे भरले होते, तिला नंतर आर्बिट्रेशनची नोटीस आली तेव्हा कंपनीचं उत्तर काय, तर "ही सर्व्हिस तुमच्या प्लॅनमध्ये नाही".

मोफत वकिलाचं मला माझ्या गिऱ्हाईकाने सांगितलं. कोर्टात क्लार्क आहेत त्या, मुलीच्या लग्नाचे ब्लाऊज टाकायला आल्या होत्या, माझा फोन सारखा वाजत होता आणि मी कट करत होते ते बघून विचारलं त्यांनी. म्हणाल्या, ताई तुम्ही बाई आहात, तुम्हाला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला पण लागत नाही. मला आधी वाटलं हे फक्त नवरा मारतो वगैरे असल्या केसेससाठी असेल. तसं नाहीये. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे, त्याच्या कलम १२ मध्ये कोणाकोणाला मिळतं ते दिलंय, त्यात बायका आणि लहान मुलं सरसकट आहेत, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, पूर-दंगल असल्या आपत्तीत सापडलेले, कोठडीतले लोक, आणि बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे, महाराष्ट्रात वर्षाला ३ लाख. म्हणजे मिस्टरांच्या नावाने अर्ज केला असता तर दाखला लागला असता, माझ्या नावाने नाही. कर्ज सगळं माझ्याच नावावर, त्यामुळे प्रश्नच नव्हता. १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन नंबर आहे, तिथून पण कळतं कुठे जायचं. मुंबईत शहर आणि उपनगर अशी दोन वेगळी प्राधिकरणं आहेत, आमचं भांडुप उपनगरात.

भांडुपवरून दादर, दादरला पूल चढून वेस्टर्नला, मग बांद्रा ईस्ट, तिथे कोर्टात त्यांचं ऑफिस. (रिक्षावाल्याला "कोर्ट" एवढंच सांगा, प्राधिकरण बिराधिकरण सांगितलं की तो दुसऱ्या बाजूला नेईल.) फॉर्म साधा आहे, मराठीत भरला तरी चालतो, आधारची झेरॉक्स, फोटो, आणि काय मदत पाहिजे ते चार ओळीत. मी चार ओळींच्या जागी दोन पानं लिहून नेली होती, तिथल्या बाईंनी शांतपणे वाचली आणि म्हणाल्या, हे वकिलांना द्या, इथे फक्त "कर्जवसुली व नादारीबाबत सल्ला" लिहा.

आता मुख्य गोष्ट, वकील मॅडम. वय असेल पस्तिशीच्या आत, पॅनलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या वकिलांच्या यादीतल्या. मला मनात धाकधूक होती की फुकटचा वकील म्हणजे टाळाटाळ असणार. पण बसल्या बसल्या पहिलं काय केलं, तर मी नेलेल्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर पट्टीने रकाने आखले. कोणाचं कर्ज, मुद्दल किती राहिलं, व्याज आणि दंड किती चढला, तारण काय, चेक दिलाय की ऑटो डेबिट आहे, जामीनदार कोण, आणि शेवटचा रकाना, घरी माणूस आला का. साडेनऊ लाख साडेनऊ लाख असं मी इतके महिने डोक्यात घेऊन फिरत होते, ते त्या पानावर सहा वेगळी भांडणं झाली आणि प्रत्येकाचं औषध वेगळं निघालं. एवढं तर त्या सत्तर हजारवाल्यांनी पण विचारलं नव्हतं.

मग दिवाळखोरीवर आल्या. इथे जे कळलं ते मी जरा नीट लिहिते कारण नेटवर सगळी भेळ झालीय. २०१६ चा जो दिवाळखोरीचा नवा कायदा आहे, आयबीसी, ज्याच्या बातम्या पेपरात मोठ्या कंपन्यांच्या नावाने येतात, त्यात साध्या माणसांसाठी पण भाग आहे, पण तो आपल्यासारख्यांना सुरूच केलेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून चालू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला जे स्वतः जामीन राहिलेत त्यांच्यासाठी. त्याच कायद्यात अगदी गरिबांसाठी "फ्रेश स्टार्ट" म्हणून एक प्रकरण आहे, वर्षाचं उत्पन्न ६०,००० पर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचं घर नको, तर कर्ज माफ होऊ शकतं. तेही कागदावरच आहे. म्हणजे ज्याला फी परवडत नाही त्याच्यासाठीच जे केलं तेच कपाटात ठेवलंय. आणि चालू असतं तरी ३५,००० च्या कर्जात मी कुठे बसणार होते.

मग मुंबईत चालतो तो कुठला कायदा, तर १९०९ चा. हो, इंग्रजांचा. मुंबई, कलकत्ता, मद्रास या तीन शहरांसाठी केलेला, बाकी देशाला १९२० चा वेगळा. अर्ज हायकोर्टात करायचा, त्यामुळे केस लढवायची असती तर मोफत वकील हायकोर्टाच्या विधी सेवा समितीकडून घ्यावा लागला असता, तो पण मिळतो, कोर्ट फीसकट. अर्ज करायला कर्ज किती पाहिजे माहितीये? कमीत कमी ५०० रुपये. मंजूर झाला की तुमची मालमत्ता ऑफिशियल असायनी नावाच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात जाते, आणि तुमच्याकडे काय राहू द्यायचं, तर धंद्याची हत्यारं, कपडे, अंथरूण, भांडीकुंडी, सगळं मिळून मूळ कायद्यात लिहिलंय ३०० रुपयांपर्यंत. तीनशे! कापड कापायची बरी कात्री येत नाही हो तीनशेत. माझा एक स्टार इथे गेला.

आणि गंमत पुढे आहे. मॅडम म्हणाल्या की समजा तुम्ही काहीच केलं नाही, फायनान्स कंपनीने साधा दावा लावला आणि जिंकली, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे कारागिराची हत्यारं जप्त करता येत नाहीत, तिथे तीनशेची अट नाही. म्हणजे मी स्वतःहून दिवाळखोर व्हायला गेले असते तर माझ्या मशिनी जास्त धोक्यात आल्या असत्या. आणि दिवाळखोर असताना, म्हणजे कोर्टाने मोकळं करेपर्यंत, न सांगता कोणाकडून ५० रुपये किंवा जास्त उधारी घेतली तर तो गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आमच्या वाण्याकडे महिन्याची वही चालते, त्याला दर वेळी सांगायचं का, दादा मी दिवाळखोर आहे, दोन किलो तूरडाळ द्या?

पण ज्याच्यावर सगळं फिरलं ते वेगळंच. पतपेढीच्या कर्जाला माझे धाकटे दीर जामीन आहेत. मी मोकळी झाले तरी जामीनदार मोकळा होत नाही, पतपेढी सरळ १०१ चा दाखला (सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुलीचा दाखला) घेऊन भाऊजींच्या पगारावर गेली असती. सोनंतारणाचंही तसंच, तारण ज्याच्याकडे आहे तो आपलं वसूल करून घेतो. म्हणजे साडेनऊ लाखातले चार लाख तर दिवाळखोरीने हललेच नसते, आणि घरात जावेशी बोलणं कायमचं बंद झालं असतं ते वेगळंच. मॅडम एवढंच म्हणाल्या, "ताई, अर्ज करायचा असेल तर मी हायकोर्टाच्या समितीला चिठ्ठी देते, पण माझं विचाराल तर नका करू."

मला हे फार महत्त्वाचं वाटलं. जिथे जिथे पैसे देऊन काम होणार होतं तिथे मला कोणीच "नका करू" म्हटलं नव्हतं. वकील म्हणाले करू, कंपनी म्हणाली करू, ज्याची फी ठरायची होती तो प्रत्येक जण करूच म्हणाला. इथे बाईंना माझ्याकडून एक रुपया मिळणार नव्हता, घेताही येत नाही त्यांना, त्यामुळे त्या खरं बोलू शकल्या. चार स्टार आहेत ते याचे.

मग काय केलं. सोनंतारणाचं व्याज आधी भरून ते जिवंत ठेवलं कारण लिलाव झाला की विषय संपला. पतपेढीला मॅडमनी अर्ज लिहून दिला, मुदत वाढवून हप्ता कमी करून मागितला, मॅनेजर ओळखीचे असले तरी तोंडी नको, पोचसकट द्या म्हणाल्या. हप्ता कमी झाला, व्याज जास्त जाणार आहे पण भाऊजींना फोन यायचे बंद झाले.

वसुलीवाल्यांचं सांगते. फायनान्स कंपनीच्या माणसाने रात्री नऊला फोन करणं, दुकानात गिऱ्हाईकासमोर मोठ्याने बोलणं, मिस्टरांचा पगार अडकवू, पोलीस घेऊन येतो, सगळं करून झालं होतं. आरबीआयचा ऑगस्ट २०२२ चा नियम आहे, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन नाहीत, धमकी नाही, चार लोकांत अपमान नाही. कर्जावर मिस्टरांची सही नाही त्यामुळे त्यांच्या पगाराचा संबंध नाही. आणि साध्या पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करताच येत नाही, त्याच दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५६. हे मी एका कागदावर लिहून काउंटरच्या आत चिकटवलं होतं. पुढच्या वेळी तो आला तेव्हा बघून वाचूनच बोलले, आवाज कापत होता माझा, पण तो गप्प झाला. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला, तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, १४४४८ वर माहिती मिळते. आमच्या वेळी ईमेलनेच काम झालं, माणूस यायचा बंद झाला.

पण चेक बाऊन्सचं मात्र हलक्यात घेऊ नका. ती फौजदारी केस होते, चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ खाली, आणि हल्ली ऑटो डेबिट बाऊन्स झालं तरी तसंच कलम दुसऱ्या कायद्यात आहे. समन्स आलं तर लपायचं नाही, घ्यायचं आणि वकिलाकडे न्यायचं. मॅडम एकदाच आवाज चढवून बोलल्या ते यावर.

फायनान्स कंपनीचं प्रकरण लोकअदालतीत दाखलपूर्व म्हणून घेतलं, म्हणजे केस व्हायच्या आधीच. फी काही नाही. मोठ्या हॉलमध्ये टेबलं लावलेली, प्रत्येक टेबलावर पॅनल, म्हणजे तडजोड करून देणारी मंडळी, समोर कंपनीचा माणूस फाइलींचा गठ्ठा घेऊन. त्याची मागणी २ लाख ८५ हजार, त्यात दंडच किती होता. मी म्हटलं एकरकमी माझ्याकडे काही नाही. मॅडमनी तेच कॅलेंडरचं पान काढून पॅनलसमोर ठेवलं, दुकानाचं भाडं, घरखर्च, बाकीचे हप्ते, उरतात किती ते बघा म्हणाल्या. तो माणूस दोन वेळा बाहेर जाऊन फोनवर बोलून आला. शेवटी १ लाख ६० हजार, आठ हप्त्यांत, आणि माझे राहिलेले चेक परत. सही करायच्या आधी मॅडमनी थांबवलं आणि दोन ओळी वाढवून घेतल्या, शेवटचा हप्ता भरल्यावर किती दिवसांत नो ड्यूज (काही बाकी नाही असा दाखला) देणार, आणि चेक कोणत्या नंबरचे परत देणार. लोकअदालतीचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही, त्यामुळे झेपेल तेवढ्यालाच हो म्हणायचं, नसेल झेपत तर नाही म्हणून उठता येतं, कोणी जबरदस्ती करत नाही. क्रेडिट रिपोर्टवर "सेटल्ड" असा शेरा राहणार आणि पुढे कर्ज मिळायला त्रास होणार हेही त्यांनी आधीच सांगितलं होतं. मला इतक्यात कोणाचं कर्ज नकोच आहे.

क्रेडिट कार्डाचं अजून लटकलंय, बँक ऐकत नाहीये, पुढच्या लोकअदालतीला परत लावू म्हणाल्यात. ॲपची दोन्ही मिटली, रकमा लहान होत्या.

कोणासाठी नाही ही सर्व्हिस? ज्यांना उद्याच्या उद्या उत्तर पाहिजे त्यांच्यासाठी नाही, गर्दी असते, दुकान बंद ठेवून अर्धा दिवस काढायची तयारी पाहिजे. वकील आपण निवडलेलाच मिळेल असं नाही, पण नाही पटला तर बदलून मागता येतो. आणि पॅनलवरच्या वकिलाने पैसे मागितले तर देऊ नका, तिथल्या ऑफिसला सांगा, कोर्ट फी, टायपिंग, नकला सगळं धरून मोफत आहे ते.

जाताना कर्जाची सगळी कागदं न्या, सँक्शन लेटर, स्टेटमेंट, आलेल्या नोटिसा पाकिटासकट (तारखेचा शिक्का पाकिटावर असतो), दिलेल्या चेकचे नंबर, आणि वसुलीवाल्यांचे कॉल लॉगचे स्क्रीनशॉट. झेरॉक्स घराजवळच काढा, कोर्टाबाहेर रांग असते आणि पानाला जास्त घेतात.